शेपटीची शिदोरी



मृगाचा पाऊस पडून गेला, की बांधाच्या कडेला, ओघळीत, पाटाच्या चारीत पाणी साचते. चार-सहा दिवसांतच त्या पाण्यात काळ्या ठिपक्यांची वळवळ सुरू होते. शाळेतून येणारी पोरे ती पाहतात आणि घरातल्या रिकाम्या बरण्या एकामागून एक नाहीशा होऊ लागतात. "मासे आणले" म्हणून पोर बरणी पुढे करते. ते मासे नव्हेत, बेडूकमासे, म्हणजे बेडकाची पिल्ले.

महिनाभरात त्यांना पाय फुटतात, शेपटी आखडते आणि एके सकाळी बोटाच्या पेरापेक्षा लहान बेडूक काचेला चिकटून बसलेला दिसतो. पोरांना कोण आनंद! पण लगेच काळजी सुरू होते. कारण कालपर्यंत शेवाळ आणि उकडलेला पाला खाणारे ते पिल्लू आता तोंडच उघडत नाही. भाकरीचा कुसकरा टाकला, भाताचे शीत टाकले, कोणी तर चमचाभर दूधही ओतले. पिल्लू ढिम्म. पाच-सहा दिवसांत ते मरते. पोर हिरमुसते आणि आपण म्हणतो, "जाऊ दे बाळा, त्याचे आयुष्यच तेवढे."

बंधूंनो, ते खरे नाही. चांगले सांभाळले गेले तर बेडूक कित्येक वर्षे जगतो. ही पिल्ले मरतात ती बहुधा आपल्या उतावळेपणाने आणि थोड्या अज्ञानाने.

कोणी विचारील, "साहेब, ऊस-कांद्याचे सोडून हे बेडकाचे काय काढले?" काढले ते दोन कारणांनी. रूप बदलताना पिल्लू खाणे का सोडते हे एकदा कळले, म्हणजे गोठ्यातले वासरू आणि खुराड्यातली पिल्ले सांभाळतानाही तेच शहाणपण उपयोगी पडते. आणि दुसरे, बरणीत एक पिल्लू मरते तसेच आपल्या शेततळ्यांत आणि हौदांत शेकड्यांनी मरतात. ते नुकसान तुमच्या पिकाचे आहे.

खाणे का थांबते?

बेडूकमाशाचे तोंड बारीक असते. त्याला चोचीसारखी कठीण धार आणि खरवडायला बारीक दातांच्या ओळी असतात. त्याचे आतडे घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळलेले आणि खूप लांब असते, कारण शेवाळ आणि पाला पचायला वेळ लागतो. बेडूक मात्र किडे खातो. त्याला रुंद जबडा हवा, चिकट जीभ हवी आणि आखूड आतडे हवे. म्हणून पुढचे पाय बाहेर पडले, की आत सगळी उलथापालथ सुरू होते. जुने तोंड गळून नवे तयार होते, आतडे आखडते, कल्ले जाऊन फुप्फुसावर श्वास सुरू होतो. घराची चूल पाडून नवी घालताना त्या दिवशी घरात स्वयंपाक होतो का? तसेच हे आहे.

मग या दिवसांत पिल्लू जगते कशावर? आपल्या शेपटीवर. शेपटी तुटून पडत नाही. ती अंगात विरघळते आणि तेच त्याचे अन्न होते. म्हणून मी तिला शेपटीची शिदोरी म्हणतो. शेपटी दिसते आहे तोवर शिदोरी शिल्लक आहे असे समजा आणि खायला घालण्याची घाई करू नका. हे दिवस साधारण चार ते आठ असतात. हवा गार असेल तर थोडे जास्त.

ही उलथापालथ गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीच्या रसाने होते. गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञाने १९१२ साली बेडूकमाशांना या ग्रंथीचे तुकडे खाऊ घातले, तेव्हा ते वेळेआधीच बेडूक झाले, मात्र अगदी बारके. तो रस तयार व्हायला आयोडीन लागते. आपण आयोडीनचे मीठ खातो, त्यामागे आपल्या गळ्यातली हीच ग्रंथी आहे.

गोठ्यातले आणि खुराड्यातले उदाहरण

ही गोष्ट एकट्या बेडकाची नाही. कोंबडीचे एक दिवसाचे पिल्लू उबवणी केंद्रातून खोक्यात घालून लांबच्या गावी पाठवतात. वाटेत त्याला कोणी दाणा घालत नाही. अंड्यातल्या बलकाचा उरलेला भाग त्याच्या पोटात असतो आणि त्यावर ते दोन दिवस निघते. रेशीमकिडे पाळणारे तर हे रोज पाहतात. किडा चार वेळा कात टाकतो आणि प्रत्येक वेळी जवळजवळ दिवसभर डोके वर करून स्वस्थ बसतो. त्या वेळी जाणता माणूस पाला घालत नाही, चुन्याची भुकटी धुरळून जागा कोरडी ठेवतो. अडाणी मात्र "किडे उपाशी आहेत" म्हणून पाला घालतो. तो पाला कुजतो आणि रोग शिरतो.

वासराचेही असेच. जन्मल्यावर त्याचे दूध पचवणारे पोट मोठे असते आणि चारा पचवणारे ओटीपोट लहान. ते तयार व्हायला सुमारे तीन महिने लागतात. दुसऱ्या आठवड्यापासून दूध पाजून झाल्यावर मूठभर खुराक आणि मऊ वाळलेले गवत पुढ्यात ठेवावे. आधी ते नुसते हुंगते, मग चाटते, मग खाते. बळेच तोंडात कोंबले किंवा ओतले, तर ठसका लागून ते फुप्फुसात जाते आणि चांगले वासरू हातचे जाते.

तात्पर्य, रूप पालटणाऱ्या जिवाला भूक नसते. भूक लागेपर्यंत थांबावे आणि लागली की त्याला हवे तेच पुढे करावे.

त्याला हवे ते काय?

शेपटीचा खुंट उरला, की भूक जागी होते. इथे दुसरी चूक होते. बेडकाला निपचित पडलेले अन्न अन्न म्हणून दिसतच नाही. त्याच्या डोळ्याची घडणच तशी आहे. १९५९ साली अमेरिकेत लेटविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या डोळ्यातल्या शिरा तपासल्या. लहान, गडद, हलणारी वस्तू दिसली की ठणाणा करणाऱ्या काही खास शिरा त्यांना सापडल्या. वस्तू हलली तर भक्ष्य, नाही तर खडा. तेव्हा भाताचे शीत त्याच्यापुढे वर्षभर ठेवले तरी तो खाणार नाही. अन्न जिवंत हवे, हलते हवे आणि लहान हवे. मापाचा सोपा नियम असा, की किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा.

असे बारीक किडे आणायचे कोठून? आपल्याच घरातून.

चिलटे : जास्त पिकलेल्या केळ्याचा तुकडा बरणीत घालून ती सावलीत उघडी ठेवा. एक-दोन दिवसांत चिलटे जमतात. मग तोंडावर जुन्या धोतराचा तुकडा बांधा. दहा-बारा दिवसांत त्यात नवी वीण तयार होते. म्हणून बेडूकमाशाला मागचे पाय फुटले, की लगेच ही बरणी लावून ठेवावी.

मावा : चवळी, गवार किंवा ज्वारीच्या पोंग्यातला मावा शेंड्यासकट तोडून आणा. मात्र त्या पिकावर औषध फवारलेले नसावे. फवारलेल्या पिकाचा मावा म्हणजे पिल्लाला विषाचा घास होय.

वाळवी : ओले गोणपाट किंवा जुनी गोवरी वाळवीच्या जागी रात्रभर ठेवा. सकाळी झटकले की वाळवी पडते. फिकट, मऊ कामकरी वाळवी द्या. मोठ्या डोक्याची चावणारी काढून टाका.

गांडुळे : अगदी दोऱ्याएवढे बारीक पिल्लूच द्यावे. गांडूळखताच्या वाफ्यातील लाल गांडूळ बेडूक कधी कधी थुंकून टाकतात, कारण त्याच्या अंगातून उग्र पिवळा रस सुटतो. काळ्या मातीतले फिकट गांडूळ बरे.

लाल मुंग्या घालू नका. भक्ष्यच शिकारी होते आणि नाजूक पिल्लाला रात्रीत कुरतडते. किडे संध्याकाळी, दिवे लागणीला सोडावेत, कारण ती त्याची खाण्याची वेळ. पहिल्या दिवशी खाल्ले नाही तर दुसऱ्या दिवशी. तोंड उघडून घास भरवू नका. त्याचा जबडा अजून कोवळा असतो, मोडतो.

ही अडचण जगभर आहे. परदेशांत न्यूट नावाचा शेपटीचा उभयचर हौसेने पाळतात. दिसायला तो ओलसर सरड्यासारखा असतो. आपल्या देशात त्याची जात दार्जिलिंगकडच्या डोंगरांत सापडते, महाराष्ट्रात नाही. न्यूटची शेपटी कायम राहते, पण पिल्लू पाण्यातून जमिनीवर आले की तेही असेच रुसून बसते. पाळणारे लोक बारीक किडा काडीच्या टोकाला लावून त्याच्या नाकापुढे हळूच हलवतात. आपल्या पिल्लालाही हा उपाय लागू पडतो. काडी हलली की मान वळते, आणि मान वळली की समजा, काम झाले.

जागा कशी करावी?

बरणी ही त्याची जागा नव्हे. पाय फुटले की त्याला जमीन हवी. फुफ्फुसावर श्वास घेणारे पिल्लू काचेच्या सरळ भिंतीच्या बरणीत पोहून पोहून दमते आणि बुडून मरते. बेडूक पाण्यात बुडतो हे ऐकून तुम्ही हसाल, पण ते खरे आहे.

पसरट खापर किंवा जुने घमेले घ्या. एका बाजूला चार बोटे ओली माती, त्यावर वाळका पाला आणि लपायला फुटक्या कौलाचा तुकडा. दुसऱ्या बाजूला डब्याचे झाकण मातीत उतरते बसवून त्यात नखभर पाणी. वरून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधा. सावलीत ठेवा. पत्र्याखाली दुपारी ठेवाल तर भाजून निघेल. एका घमेल्यात चार-पाचच ठेवावेत आणि तेही सारख्या अंगाचे. मोठा लहानाला गिळतो.

पाणी विहिरीचे किंवा पावसाचे घ्या. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते, ते एक दिवस उघड्या भांड्यात ठेवूनच वापरा. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने शोषतो. म्हणून तंबाखू, चुना, मिश्री, साबण किंवा युरिया लागलेला हात त्याला लावू नका. तुमच्या हाताला जे असेल ते त्याच्या अंगात जाईल. उलट, खरखरीत अंगाचा भेक हाताळला असेल, तर पोरांनी डोळे चोळण्याआधी हात धुवावेत. त्याच्या डोळ्यांमागच्या गाठींत विषारी चीक असतो.

पाय अंगाखाली घेऊन, डोळे उघडे ठेवून बसले आणि स्पर्श करताच उडी मारली, तर पिल्लू ठीक आहे, भूक लागली नाही इतकेच. कमरेची हाडे दिसू लागली, पाय पसरून पडले, तर मात्र वाट पाहू नका. ओल्या गवतात, किडामुंगी असेल तिथे नेऊन सोडा. तिथे त्याला तुमच्यापेक्षा चांगले वाढणारे आहेत.

आणि धडधाकट असले तरी सोडायचेच. दोन-तीन वेळा नीट खाल्ले, की जिथून आणले तिथेच संध्याकाळी सोडावे. रानातला जीव घरात कायम कोंडू नये. पोराला सांगा, "बाळा, आपण त्याला पाळले नाही, अडल्या वेळी हात दिला." आणि मुळात आणायचेच तर आटत चाललेल्या डबक्यातलेच आणावे. भरल्या ओढ्यातले तिथेच बरे असतात.

आपल्या मुलखात ही निकड जास्त

शिरूर आणि दौंड हा पर्जन्यछायेचा मुलूख. घोड आणि भीमा वाहतात, मुळा-मुठा येऊन भीमेला मिळते, कालव्याचे पाणीही फिरले आहे. पण बेडकाचा संसार चालतो तो पावसाच्या डबक्यावर, आणि आपल्याकडे पाऊस पडला की पुढे पंधरा-पंधरा दिवस उघडीप पडते. डबके आटू लागले, की बेडूकमासे घाई करतात आणि लहान अंगानेच बेडूक होऊन बाहेर पडतात. मग एखाद्या सरीबरोबर ते इतके दिसतात, की म्हातारी माणसे म्हणतात, आभाळातून बेडूक पडले. आभाळातून नव्हे, डबक्यातून. हे बारके पिल्लू दिवाळीपर्यंत खाऊन अंगात चरबी भरते, मग ओलीत जमीन सापडली तर ठीक, नाही तर मातीत खोल शिरते आणि पुढच्या पावसापर्यंत त्या चरबीवर काढते. त्याचा सगळा हिशेब या पहिल्या आठवड्यांवर असतो.

अशा वेळी आपण त्याच्या वाटेत काय ठेवले आहे? प्लॅस्टिकचे शेततळे. २०१६ साली "मागेल त्याला शेततळे" योजना आली आणि या भागात अशी तळी वाढली. त्यांनी फळबागा वाचवल्या, याबद्दल वाद नाही. पण कागदाचा उतार गुळगुळीत असतो. शिरूरच्या बाजूला तळी पाहताना पाण्याच्या रेषेला चिकटून मेलेली नखाएवढी पिल्ले मी अनेकदा पाहिली आहेत. त्यांना पाय फुटले, पण पाय टेकायला जागा मिळाली नाही. खायला किडाही नाही, कारण किडा गवतात आणि गवत काठावर.

उपाय दोन रुपयांचा नाही. जुनी गोणपाटे एकाला एक शिवून लांब पट्टी करा. वरचे टोक काठाबाहेर खुंटीला बांधा, खालचे टोक पाण्यात सोडा. चारी कोपऱ्यांना अशा चार पट्ट्या. दगड लोटू नका, कागद फाटेल. सिमेंटच्या हौदात आणि गुरांच्या पाण्याच्या टाकीत मात्र एक तिरपा दगड पुरे. खारी, सरडे, पक्ष्यांची पिल्लेही त्यावरून बाहेर पडतील.

आणि बंधूंनो, तळ्यावर गेलाच आहात तर एक काम आणखी करा. त्याच खुंट्या पक्क्या ठोका आणि गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडा. पाण्यावर हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवा, भोवती कुंपण करा. ज्या उतारावरून बेडकाचे पिल्लू वर येऊ शकत नाही, त्यावरून माणसाचे पोरही येऊ शकत नाही. शेततळ्यात पोरे बुडाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. तुमच्या गावाचे नाव तशा बातमीत येऊ नये.

बिनपगारी गडी

पाऊस लांबला की बेडूक मुसळाला बांधून धोंडी काढायची चाल आपल्याकडे गावोगाव होती. बेडूक आणि पाऊस यांचे नाते वाडवडिलांना ठाऊक होते. त्याचे आणि पिकाचे नाते मात्र आपण उशिरा ओळखले. एके काळी आपला देश बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवणारा मोठा देश होता. पावसाळ्यात रात्री बत्त्या घेऊन लोक शेताशेतांतून पोत्यांनी बेडूक धरत. बेडूक कमी होऊ लागले आणि किडींचे काय होणार अशी चिंता व्यक्त होऊ लागली. अखेर १९८७ साली सरकारने ही निर्यात बंद केली.

बेडूक किडा खातो, अळी खातो, मावळतीपासून पहाटेपर्यंत राबतो. मजुरी मागत नाही. तो सगळी कीड संपवील असे मी म्हणणार नाही, तुमची फवारणी तो बंद करणार नाही. पण फवारणी नेमकी आणि गरजेपुरती केलीत, पाण्याच्या कडेचा एक पट्टा सोडलात, फवारणी पंप ओढ्यात धुतला नाहीत, तर हा गडी तुमच्या बाजूने उभा राहील.

तेव्हा या पावसाळ्यात पोराने बरणी आणली तर रागावू नका. त्याच्याजवळ बसा. शेपटी आहे तोवर थांबायचे, शेपटी गेली की हलता किडा द्यायचा आणि खाऊ लागले की सोडायचे, एवढे तीन नियम त्याला सांगा. जो पोरगा दहा वर्षांचा असताना बेडकाला भूक लागेपर्यंत धीर धरायला शिकला, तो उद्या वासराच्या तोंडात खुराक कोंबणार नाही. आणि आपण मोठ्यांनी येत्या रविवारी तळ्याला पट्टी आणि दोर बांधावा.